उधळलेल्या घोड्याचा फोटो

कोल्हापूरच्या गुंडोपंत हेरवाड्यांना जुन्या सिनेमांचे फोटो आणि संवादांच्या वह्या जमवायचा नाद होता. "रद्दीवाल्याशी लग्न केलं असतं, तर रद्दी घराबाहेर तरी गेली असती," असं बायको म्हणे. गुंडोपंतांना ते पटायचंही.

त्यांच्या प्रदर्शनाला एकेकाळचे नायक संग्रामराव पाहुणे म्हणून आले आणि स्वतःच्या एका फोटोपुढे थबकले. केस उडताहेत, हातात लगाम आहे आणि फोटो कमरेपाशी संपलाय.

"घोडा उधळला होता," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. "मी एका हातानं आवरला. गुंडोपंत, हा फोटो मला काढून द्या. ज्यानं तो प्रसंग सोसला, त्याच्याच घरी तो शोभेल."

गुंडोपंतांनी चौकट उघडली आणि फोटोचा मागे दुमडलेला खालचा भाग उलगडला. घोडा नव्हताच. संग्रामरावांना खांद्यावर घेऊन एक काटकुळा तरुण घामाघूम उभा होता.

"मग माझ्याच घरी राहू द्या, साहेब," गुंडोपंत म्हणाले. "सिनेमात मला एकदाच काम मिळालं, तेही घोड्याचं. आणि उधळलो नव्हतो मी. तुमच्या वजनानं पाय लटपटत होते."