लाल गुलाब देण्याच्या परवानगीबाबत

विषय: लाल गुलाब देण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ: कापड रंगवणारा तुळोजी याचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, फार पूर्वी डोंगरांच्या मध्ये एक राज्य होते आणि त्या राज्यात लाल गुलाब कोणालाही सहजासहजी देता येत नसे.

मुळात तो तिथला नव्हताच. पश्चिमेकडून आलेल्या उंटांच्या तांड्याबरोबर त्याची पहिली कलमे आली. व्यापाऱ्याने पहिले फूल राजाला नजर केले. राजाने ते मुठीत धरले आणि त्याला काटा टोचला. रक्ताचा आणि फुलाचा रंग सारखाच दिसला, म्हणून दरबाराने ठरवले की लाल गुलाब म्हणजे शौर्य. काटा टोचून घेण्यात शौर्य कसले, हे विचारण्याइतके शौर्य दरबारात कोणापाशी नव्हते.

त्या राजाचा मुलगा राणीच्या प्रेमात होता, सुदैवाने स्वतःच्याच. त्याने फर्मान काढले, लाल गुलाब म्हणजे प्रीती. पुढे राणी वारली. त्याने तिच्या समाधीवर गुलाब वाहिले आणि दुसरे फर्मान काढले, लाल गुलाब म्हणजे शोक. नातवाच्या काळात दरबारातल्या गोष्टी बाजारात ऐकू येऊ लागल्या. तेव्हा त्याने मसलतीच्या दालनात छताला एक लाल गुलाब टांगला. त्याच्याखाली जे बोलले जाईल ते बाहेर न्यायचे नाही. म्हणजे लाल गुलाब म्हणजे मौन. पणतू गादीवर आला आणि त्याला वाटले, आपणही काही केले पाहिजे. त्याने लाल गुलाब म्हणजे राजनिष्ठा असे जाहीर केले.

जुने फर्मान रद्द करण्याची त्या राज्यात पद्धत नव्हती. नवे फर्मान जुन्यावर ठेवत, एवढेच.

व्हायचा तो घोटाळा झाला. एका जावयाने सासऱ्याला प्रेमाने लाल गुलाब दिला. सासरा घाबरून घरातली माणसे मोजत बसला. एका सरदाराने शेजारच्या राज्याला गुलाब पाठवले. त्यांनी ते शौर्याचे समजून सीमेवर फौज उभी केली. अखेर दरबाराने नियम केला: ज्याला लाल गुलाब द्यायचा असेल त्याने आधी त्याचा अर्थ मंजूर करून घ्यावा. त्यासाठी एक खाते निघाले. तिथे मसनदी बऱ्याच होत्या. काम कधी संपत नसे, कारण ते कधी सुरू होत नसे.

या राज्याच्या राजधानीत तुळोजी रंगारी राहत असे. हात कोपरापर्यंत रंगलेले, स्वभाव सरळ, पण पायाला भिंगरी. एका जागी बसणे त्याला जमत नसे, आणि नियम मोडणे तर त्याहून जमत नसे.

दर वसंतात घाटापलीकडून गुलाबपाणी काढणारी एक मंडळी येई. नदीकाठी चुली मांडून, तांब्याच्या मोठ्या हंड्यांत ती माणसे पाकळ्या उकळत. फुले सरली की हंडे खेचरांवर लादून पुढे जात. त्या मंडळीच्या म्होरक्याची मुलगी सगुणा. तुळोजी तिच्याकडे उकळलेल्या पाकळ्यांचा चोथा मागायला जाई. म्हणे, कापड रंगवायला हवा. त्या चोथ्यातून कुठलाच रंग निघत नसे. हे त्याला ठाऊक होते आणि तिलाही.

त्या वर्षी सगुणा म्हणाली, "पुढच्या सालापासून आम्ही येणार नाही. बाबांनी तिकडंच गुलाब लावलेत. चोथ्याचं दुसरीकडं कुठं जमतंय का बघ."

तुळोजी घरी आला आणि फेऱ्या मारू लागला. त्या दिवशी त्याने एक पिवळा शालू निळ्यात बुडवला. तिला लग्नाचे विचारायचे तर आताच. फुले सरली की संपले. आणि त्या राज्यात लग्नाचे विचारायचे ते लाल गुलाब देऊन. तो तडक त्या खात्यात गेला.

चिटणीसांनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "कोणता अर्थ मागता?"

"प्रीती."

"नुसती? की राजनिष्ठेसह?"

"नुसतीच चालेल."

"राजनिष्ठा वगळायची तर कारण द्यावं लागेल. लेखी."

तुळोजी दचकला. "मग राहू द्या की सगळंच."

"शोकसुद्धा?"

"लग्नाचं आहे, साहेब."

"म्हणूनच विचारलं," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी अर्ज बाकीच्या अर्जांखाली ठेवला.

तुळोजीने विचारले, "कधीपर्यंत होईल? फुलं सरत आलीत."

"फुलं सरू द्या. ऐन बहरात आमच्यावर फार ताण असतो."

मग तुळोजीला चैन पडेना. सकाळी खात्यात, दुपारी नदीकाठी, संध्याकाळी पुन्हा खात्यात. रंगाची पातेली चुलीवर करपू लागली. वाटेत राजाच्या बागेपाशी थांबून तो कुंपणातून आत बघे. रोज झाडांवर लाल कमी आणि हिरवे जास्त.

एका दुपारी सगुणा हंडा ढवळत होती. त्याची येरझार ती बराच वेळ पाहत राहिली.

"एका जागी उभा राहा बघू. मुंग्या लागल्यात का पायाला?"

"अर्ज केलाय," तुळोजी म्हणाला.

"कसला?"

"सांगता येत नाही. विचाराधीन आहे."

"माझ्याबद्दल आहे?"

"गुलाबाबद्दल आहे."

सगुणाने ढवळणी बाजूला ठेवली. "हे बघ, रंगारी. पहाटेपासून मी पोत्यांनी गुलाब उकळते. माझ्या केसांना गुलाब, भाकरीला गुलाब. झोपेत शिंक आली तरी गुलाब. त्यातला आणखी एक घेऊन मी काय करू? तुला जे सांगायचंय ते तोंडानं सांग. बाबा उद्या हंडे उतरवायचं म्हणतायत. मी ही इथं उभी आहे."

तुळोजीचे तोंड उघडले. शब्द ओठांपर्यंत आले. आणि तेवढ्यात त्याच्या मनात एक शंका आली.

"गुलाब न देता, नुसतं तोंडी सांगितलेलं चालतं का?"

"कोणाला?"

"दरबाराला."

सगुणा त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला चालतं."

"तसं नाही. पुढं काही अडचण नको. मी विचारून येतो," तुळोजी म्हणाला आणि धावत सुटला.

चिटणीसांना त्याचा प्रश्न ऐकून मनापासून आनंद झाला. इतका नवा मुद्दा त्या खात्यात बऱ्याच वर्षांत आला नव्हता. त्यांनी वरिष्ठांना बोलावले, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना. शौर्य तोंडी सांगता येते, पण त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. शोक तोंडी चालतो. मौन तोंडी कसे पाळायचे, यावर मतभेद झाले. तुळोजी दाराशी या पायावरून त्या पायावर होत उभा होता.

दुसऱ्या दिवशी चिटणीस बाहेर आले. "तोंडीचा मुद्दा मूळ अर्जात नव्हता. वेगळा अर्ज करावा लागेल. पण तो केला तर पहिला बाद होईल आणि तुमचा नंबर जाईल. विचार करून सांगा."

तुळोजी विचार करत नदीकाठी आला. तिथे चुलींचे दगड होते आणि थोडी गरम राख. खेचरांच्या खुरांचे ठसे घाटाकडे गेले होते. एका दगडावर चोथ्याने भरलेली टोपली ठेवलेली होती.

पावसाळा सरल्यावर घाटापलीकडून एक खेचरवाला आला. तुळोजीने त्याला गाठून सगुणाची चौकशी केली.

"तिचं लग्न झालं की," खेचरवाला म्हणाला. "तिथल्याच एका कुंभाराशी."

तुळोजीने विचारले, "त्यानं तिला गुलाब कोणत्या अर्थानं दिला?"

"गुलाब कुठला? कुंभार तो. म्हणाला, माझ्याशी लग्न कर. ती म्हणाली, बरं."

"आणि ते चाललं?"

"चाललं म्हणजे? दोन्ही वेळा जेवून आलोय मी. लाडू जरा कडक होते."

तुळोजी पुन्हा खात्यात गेला. म्हणाला, "साहेब, माझा अर्ज मला परत द्या. आता त्याचा उपयोग नाही."

चिटणीसांनी मान हलवली. "परत घ्यायचा तर आधी मंजूर व्हावा लागतो. मंजूर न झालेली गोष्ट परत कशी देणार?"

हे तुळोजीला पटले, हीच या गोष्टीतली सर्वांत वाईट गोष्ट. तो दाराबाहेर जाऊन येरझारा घालू लागला.

तात्पर्य: फुलाचा अर्थ काय, याचा निकाल लागेपर्यंत फूल थांबत नाही आणि ज्याच्यासाठी ते खुडायचे तो माणूसही थांबत नाही. समोरचा ऐकायला उभा असेल, तर बोलायची परवानगी तिसऱ्याकडे मागू नये.

तुळोजीचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.