सत्तावीस घरं

"तीन वेळा दवंडी पिटली, बाबा. पगार दुप्पट केला, जमिनी देतो म्हणालो. तरी एकही जवान फौजेत का येत नाही?"

विचारणारा सुभानराव एकवीस वर्षांचा होता. वडील आबासाहेब वारले आणि चैत्रात तो गादीवर बसला. संस्थान लहान. दसऱ्यानंतर शेजारचा सरदार चालून येणार, अशी पक्की खबर होती.

कादरशा फकीर नदीकाठच्या आपल्या झोपडीत फाटकी कफनी शिवत बसले होते. लहानपणी सुभानरावाला अक्षरं त्यांनीच शिकवली होती.

"लोक भेकड झालेत," सुभानराव म्हणाला.

"परवा दोघांनी पुरात उड्या टाकून एक म्हैस बाहेर काढली. याच गावचे."

फकिरांनी सुईत नवा दोरा ओवला.

"तुझ्या वडिलांच्या शेवटच्या स्वारीतून किती माणसं परत आली नाहीत?"

"सत्तावीस. शत्रूला अडवायला आपणहून मागं थांबली. भाट अजून त्यांचे पोवाडे..."

"तू होतास ना तिथं?"

फकिरांनी दातांनी दोरा तोडला.

"चिमाईच्या घरी जा. घोडा इथंच राहू दे. तलवारही."

"जाऊन काय सांगू?"

"ती विचारेल ते."

चिमाई अंगणात अंबाडीचा दोर वळत होती. हैबती तिचा एकुलता एक मुलगा. त्या सत्तावीस जणांतला.

सुभानरावाला तिनं ओळखलं, पण ती उठली नाही.

"आलाच हाईस तर हे टोक धर," ती म्हणाली. "खुंटीला बांधलं की पीळ सुटतुया."

त्यानं टोक धरलं. ती पलीकडून पीळ देत राहिली. दोर ताठ होत गेला, त्याच्या तळव्यात रुतू लागला.

"माझा हैबती कसा गेला?"

"लढता लढता..." तो म्हणाला, आणि थांबला.

चिमाईचे हात चालूच होते.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "नदी चढत होती. नावा चारच. आबासाहेबांनी आधी डेरे-तंबू चढवले, भांडी चढवली. मग आम्ही बसलो. नावा माघारी पाठवतो, असं मागं राहिलेल्यांना सांगितलं होतं... पाठवल्या नाहीत."

"आन तू?"

"मी नावेत होतो. डेऱ्यांच्या गुंडाळ्यांवर बसलो होतो. ते सगळे काठावर उभे होते. हैबती त्यांत कुठला, तेही मला ओळखता आलं नसतं. मी काहीच बोललो नाही."

पीळ थांबला.

"म्हंजी त्यो नावंची वाट बघत व्हता."

"हो."

चिमाई खाली बसली आणि रडू लागली. तीन वर्षं लोकांनी तिला पोवाडे ऐकवले होते. पोवाड्यापुढं रडता येत नाही.

काय करावं ते सुभानरावाला कळेना. तो दोराचं टोक धरून तसाच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं ती उठली. त्याच्या मुठीतून दोर सोडवताना तिला त्याचा तळवा दिसला.

"सोलपटला की रं हात..."

तिनं घरातून तेलाची वाटी आणली. त्याचा हात आपल्या हातात धरून हळूहळू तेल लावलं. तो लहान मुलासारखा बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पुढच्या घरी गेला. मग त्याच्या पुढच्या. उरलेली सव्वीसही घरं त्यानं पायी गाठली. काही ठिकाणी पाणी मिळालं. नऊ ठिकाणी दार लागलं. एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या डेऱ्यांचं कापड तरी टिकलं का?"

भाद्रपद संपता संपता तो फकिरांकडे परतला. पाय सुजले होते.

"सगळीकडे गेलास?"

"गेलो."

"आणि दवंडी?"

"पहिल्याच दिवशी बंद केली."

"फौजेचं कुणापाशी काढलंस?"

"नाही. दसरा तोंडावर आला, बाबा. माणसं हवीत, नाहीतर गावं जळतील. पण आता कुणाच्या दारात उभं राहून त्याचा लेक मागायचा म्हटलं, की जीभच उचलत नाही माझी... यापुढं कधी उचलेल असं वाटत नाही."

तो तोंड झाकून बसला.

फकिरांनी हातातली कफनी बाजूला ठेवली. त्याच्याजवळ सरकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तो हात तिथंच राहिला.

"आता माग," ते म्हणाले.