पास्कू नावाडी आणि पलीकडची हाक

फार फार वर्षांपूर्वीची, खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, बरं का. मध्ये बोलायचं नाही, आधीच सांगते. तेव्हा आपल्या शेवरपाड्याला पास्कू नावाचा नावाडी होता. खाडीच्या अलीकडे आपलं ख्रिस्ती गाव, पलीकडे कातकऱ्यांची वाडी. पलीकडून कुणी ओरडलं, "पास्कूबाबा, हो!" की हा हातातला घास ताटात टाकायचा, "आलो रे!" म्हणायचा आणि होडी सोडायचा. हाक आली आणि पास्कू लगेच निघाला नाही, असं एकदाच झालं. तेच सांगते.

त्या साली तापाची साथ आली, ती आधी वाडीत शिरली. औषध होतं अलीकडे, फादरच्या बंगल्यात. पण गावातल्या शहाण्यांनी, शहाणे कसले, घाबरट मेले, ठरवलं की कातकऱ्यांना होडीत घ्यायचं नाही. "ती माणसं वेगळी. त्यांचं ते बघतील." पास्कूनेही होडी खुंट्याला बांधून ठेवली. त्याचीही लेकरं घरात होती.

संध्याकाळी सगळं गाव देवळात गुडघ्यावर होतं. "हे आमच्या बापा" सुरू झालं आणि पलीकडून हाक आली. वाडीतली सोमी होती, कडेवर तापाने फणफणलेली पोर घेऊन. सगळ्यांनी ऐकलं, डोळे कुणी उघडले नाहीत. पास्कू अर्धा उठला होता, असं म्हणतात. पण शेजारच्याने त्याचा सदरा धरला, आणि त्यालाही वाटलं, देवाचं काम अर्धं कसं टाकायचं? एवढं उरकू दे, मग जातो.

प्रार्थना संपली तसा तो धावत सुटला. पलीकडे पोहोचला तेव्हा सोमी चिखलात बसली होती आणि पोर तिच्या मांडीवर गार पडली होती.

"सोमे, मी प्रार्थनेत होतो गं."

"काय म्हनत होतास?"

"आमच्या बापा, म्हणत होतो."

सोमीने वर बघितलं. "आमच्या म्हंजे तुमच्या. माजी पोर त्यात नव्हती ना?"

अरे देवा! एवढासा शब्द, जन्मभर म्हटलेला. सोमीला धरून 'आपल्या' म्हणावं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो तिच्याशेजारी बसून ढसाढसा रडला. मग दोघांनी मिळून पोरीला पुरलं.

त्यानंतर त्याने गावाचं ऐकलं नाही. वाडीतली आजारी माणसं होडीतून आणली, स्वतःच्या ओसरीवर निजवली, फादरच्या दारात बसून औषध घेतलं. वल्हं मारताना मोठ्याने म्हणायचा, "हे आपल्या बापा!" असं म्हणतात, त्या होडीत कितीही माणसं बसली तरी जागा उरायची, आणि ती काठाला लागेपर्यंत ओहोटीचं पाणी उतरायचं थांबायचं. हसू नका. मी पदरचं काही घालत नाही.

पण सोमीची पोर काही परत आली नाही. शेवटी ताप पास्कूलाही लागला. अंथरुणातून तो बायकोला सारखं विचारायचा, "हाक आली का गं पलीकडून?"

"नाही हो."

"नीट ऐक."

त्यातच तो गेला. त्याला मातीला नेत होते, तेव्हा सोमी पलीकडच्या काठावरून ओरडली, "पास्कूबाबा, हो!" असं म्हणतात, रिकामी होडी आपली आपण सुटली आणि तिला घ्यायला गेली.

आता पुलावरून गाड्या धावतात. तरी पास्कूच्या दिवशी आपण खाडीकाठी गुडघ्यावर बसतो. "हे आमच्या बापा" सुरू होतं आणि वाडीतली एखादी बाई पलीकडून हाक मारते. फादरसुद्धा तिथेच थांबतात. सगळं गाव उठून ओरडतं, "आलो गं!" होडी जाते, वाडीतल्यांना घेऊन येते, आणि सगळे मिळून पहिल्यापासून म्हणतात, "हे आपल्या बापा." मास्तर म्हणतात, हे व्याकरणात बसत नाही. नसू दे.

होडी भरून येते, पण पुढच्या फळीवर कुणी बसत नाही. ती सोमीच्या पोरीची जागा आहे.