बर्नबासच्या घरची मूठ

"बर्नबासच्या घरचंही पीठ परातीत आहे म्हणे. खरं का?"

आमोस दारातूनच ओरडला. कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले, डोळे लाल.

पाळकबाबा प्रार्थनामंदिराच्या पायरीवर चपलेचा तुटलेला अंगठा शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"खरं आहे."

त्या गावच्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी घरटी एक मूठ गव्हाचं पीठ यायचं. सगळं एकाच परातीत ओतायचं, मळायचं, आणि त्याचीच भाकर प्रभूच्या मेजावर ठेवायची. दुकानातला पाव चालायचा नाही. पाळकबाबांकडं शिकायला राहिलेल्या आमोसकडं या खेपेला ते काम होतं.

आणि बर्नबास कोण? ज्यानं भर सभेत आमोसच्या बापावर मंडळीच्या कोठारातली ज्वारी विकल्याचा आळ घेतला, तो. ज्वारी विकली होती बर्नबासच्या मेहुण्यानं, आणि बर्नबासला ते पक्कं ठाऊक होतं. पुढं खरं बाहेर आलं. पण तोवर बाप तो आळ माथी घेऊनच मातीआड गेला होता. आणि त्या सभेत या पवित्र मंडळीनं काय केलं? पुढचं गीत म्हटलं.

"मी हे मळणार नाही," आमोस म्हणाला.

"बरं."

"आणि उद्या येणारही नाही. त्याच्या मांडीला मांडी लावून बसू? माझ्या बापाला खाल्लं त्यानं!"

पाळकबाबांनी सुईत नवा दोरा ओवला.

"देव काय तुमच्या या चार भिंतींतच असतो? मी टेकडीवर जाईन. एकटा प्रार्थना करीन. तिथं कुणी खोटं तरी बोलत नाही."

"नाही बोलत," पाळकबाबा म्हणाले. "दगड असतात तिथं."

आमोसच्या अंगाची लाही झाली.

"थट्टा करू नका, बाबा! सगळे गप्प बसले होते त्या दिवशी. एकानंसुद्धा तोंड उघडलं नाही. तुम्हीसुद्धा!"

सुई थांबली.

"मीसुद्धा," पाळकबाबा म्हणाले.

मग आमोस आत गेला आणि परात घेऊन आला. पायरीच्या कडेला उभा राहून त्यानं ती तिरपी धरली. खाली कोंबड्या जमल्या.

"ओततो मी हे."

"ओत."

"खरंच ओततो."

"मी कुठं धरलाय तुझा हात? माझीही मूठ आहे त्यात. तीही जाऊ दे, बरंच होईल... पण या खेपेला मुठी गोळा करायची पाळी कुणाची होती?"

आमोसचे हात तसेच राहिले.

"...आईची."

"हं."

"मग तिनं ते घर गाळायला हवं होतं!"

"मीही तिला तेच म्हणालो. सगुणाबाई, त्या दारात तुम्ही जाऊ नका, मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो."

"मग?"

"टोपली उचलली आणि गेली."

"त्याच्या घरी?"

"त्याच्या उंबऱ्याशी उभी राहिली. तो समोर आला, त्यानं मूठ घातली, खाली बघतच आत गेला. ती इथं परत आली, टोपली पायरीवर ठेवली. पाणी दिलं, तर घेतलं नाही. माझ्यावर राग आहे तिचा. असायलाच हवा."

आमोसनं परात हळूच पायरीवर टेकवली. पीठ एकसारखं पांढरं होतं. कुणाचं कुठलं, काही कळत नव्हतं.

"म्हणजे आईनं त्याला माफ केलं," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या जिवाची एवढीच किंमत!"

"नाही केलं."

"काय?"

"मी विचारलं तिला. नाही म्हणाली. अजून तोंड बघवत नाही म्हणाली."

"मग गेली कशाला?"

पाळकबाबांनी दातांनी दोरा तोडला. चप्पल पायात घातली. उठले, आणि पहिल्यांदाच आमोसकडं सरळ बघितलं. त्यांचे डोळेही त्याच रागानं भरले होते.

"माफ केल्यावर जाईन म्हणाली असती ना, आमोस, तर अजून घरातच बसली असती."