शंभर ओहम आणि दोन सह्या

सातपूरच्या एका कारखान्यातले खरेदी अधिकारी राजोपाध्ये भलतेच काटेकोर. वासंती कुलथेंनी शंभर ओहमचे म्हणून पाठवलेले रेझिस्टर, म्हणजे वीजप्रवाहाला रोध करणारे इवलेसे सुटे भाग, त्यांनी मीटरवर मोजले. कुठला सत्त्याण्णव दाखवी, कुठला एकशे दोन.

"सगळा माल परत न्या," ते समोर बसलेल्या वासंतीबाईंना म्हणाले.

माल परत गेला तर वासंतीबाईंचं छोटं युनिट बंदच पडणार होतं.

"साहेब, कार्बनचा थर प्रत्येकावर केसभर कमीजास्त बसतोच. पाच टक्के फरक धरलाय, हे सांगायलाच तर प्रत्येक रेझिस्टरवर हा सोनेरी पट्टा असतो."

"मला हुबेहूब सारखे हवेत."

"बरं. मग नकारपत्राच्या दोन्ही प्रतींवर हुबेहूब सारखी सही करा. लगेच माल उचलते."

राजोपाध्यांनी ऐटीत सह्या ठोकल्या. वासंतीबाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. एका सहीचं शेपूट लांब, दुसरीचं आखूड.

"यातली खोटी कुठली, साहेब?"

राजोपाध्यांनी दोन्ही प्रती फाडल्या आणि माल आत घ्यायला सांगितलं.