हरजीचं राहिलेलं लोण

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पैलतीरी जायचं तर आधी भरतीला विचारावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. आंबेखोल गावात हरजी नावाचा खलाशी होता. गलबतावर तो पोटासाठी जाई. जीव त्याचा आट्यापाट्यांत.

खेळ तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर ऐका. कापणी झालेल्या मळ्यात राखेने नऊ आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर एकेक राखणदार. त्याने आपली पाटी सोडायची नाही, आणि ओलांडणाऱ्याला त्याचा हात लागला की तो बाद. नऊही पाट्या ओलांडून पलीकडे जायचं आणि तशाच ओलांडत परत यायचं. परत आला त्याने ‘लोण’ म्हणून आरोळी ठोकायची. जाणं सोपं, येणं अवघड.

हरजी पाटी ओलांडायचा तेव्हा राखसुद्धा विसकटत नसे, असं म्हणतात. एकदा पैलतीरच्या गावाने तक्रार केली, आमचा हात त्याच्या सावलीला लागला, मग तो बाद का नाही? पंचांनी दुपारभर खल केला. तोवर हरजी आणखी एक लोण घेऊन आला. पुढेपुढे लांबलांबची गावं त्याला होडी पाठवून नेत, आणि हरायचं नक्की असूनही हौसेनं खेळत.

एकाच माणसाचा यात जीव जळे. तो नवव्या पाटीचा राखणदार लखू, हरजीचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचा हात हरजीला कधीच लागला नव्हता. एकदा लागावा, मग डोळे मिटले तरी चालतील, असं तो बायकोला सांगे.

“तेवढ्यासाठी नका मिटू,” ती म्हणे.

मग एका शिमग्याला कळलं, हरजीचं गलबत यंदा पार समुद्रापलीकडे, आफ्रिकेतल्या हबसाणाकडे चाललंय. तिकडून परत येणारे थोडे. गावात तेव्हा एक समज होता: ज्याचं लोण अर्धं राहिलं, त्याला ते पुरं करायला गावात यावंच लागतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव मळ्यात जमलं. हरजी नऊ पाट्या ओलांडून गेला आणि परत फिरला. समोर लखू. हा डावीकडे गेला की तोही डावीकडे, हा उजवीकडे की तोही. एवढ्यात हरजीचा पाय घसरला. त्याचा खांदा लखूच्या हातापासून वीतभर. जन्मभर ज्याची आस धरली ते समोर आलं होतं, आणि लखूने हात मागे घेतला. त्या घटकेला खाडीचं पाणीही थांबलं, असं म्हणतात. त्याने हरजीला बाद केलं नाही आणि सोडलंही नाही. दिवस बुडाला, खेळ मोडला.

“माजा लोण ऱ्हायला, लख्या,” हरजी म्हणाला.

“तर मंग घ्यायला ये.”

हरजीला सगळं कळलं. तो नुसता हसला आणि सकाळच्या ओहोटीबरोबर गेला.

तो आला नाही. गलबतही आलं नाही. पण दर शिमग्याला नवव्या पाटीपलीकडे ओल्या पावलांचे ठसे दिसू लागले, असं म्हणतात. बोटं गावाकडे वळलेली, पाटीशी येऊन थांबलेली. लखू ते बघे आणि रडे. आपणच आडवे उभे आहोत म्हणून तो येत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हातारपणी, कंबरेत वाकलेला लखू एकदा पाटीवर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“ये रं हरज्या. मी हात नाय लावत.”

पुढच्या शिमग्याला लखू नव्हता. नवव्या पाटीवर त्याचा लेक उभा राहिला, तोही हात मागे बांधून. मग बाकीच्या आठांनीही बांधले.

आजही आंबेखोलला खेळाआधी नऊ राखणदार हात पाठीमागे घेऊन उभे राहतात. मळा मोकळा असतो, कुणी बोलत नाही. एक माणूस नऊ पाट्या ओलांडून येईल तेवढा वेळ सगळे थांबतात. पोरं चुळबुळ करू लागली की जुनी माणसं त्यांना दटावतात: घाई करू नका रे, एव्हाना तोही म्हातारा झाला असेल.