दिवेलागण नसलेला देश

एका राज्यात, जिथे ऊन वेळेवर येई आणि वेळेवर जाई, उदयभान नावाचा राजा होता. भर दरबारात तो धूम्रकेश मांत्रिकाच्या दाढीला हसला. मांत्रिकाने शाप दिला, की सूर्य मावळला की तू पाषाण, उगवला की माणूस. सलग आठ प्रहर माणूस राहशील तरच सुटशील. आठ प्रहरांचा दिवस असतो कुठे? मांत्रिक निर्धास्त झाला.

राणी चित्रावती रोज दिवेलागणीला त्या गार दगडापाशी दिवा ठेवी. तिला फार एकटं वाटे.

हिवाळ्यात तळ्यावर राजहंस उतरला. राणीने त्याला दुःख सांगितलं. हंस म्हणाला, "उत्तरेला जावं तसा उन्हाळ्याचा दिवस लांबतो. शेवटी असा देश लागतो, जिथे दिवेलागणच होत नाही. तीन गोष्टी पाळा. वाट उत्तरेचीच धरा. वसंताआधी निघू नका. आणि सूर्य झुकला तरी राजाचा हात सोडू नका."

पण राणीला दम कुठला? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरीच उतावळी. भर पौषात तिने रथाला वाऱ्याचे घोडे जुंपले. रथ उत्तरेला धावे, तसा दिवस आखडे. राजा जेवायला बसे, तो घास हातातच राही. अखेर बर्फाचा देश आला, आणि तिथे सूर्य उगवलाच नाही.

राणी दगडाला मिठी मारून रडली. चूक तिचीच होती. मग ती थांबली, आणि थांबणंच तिला सगळ्यांत जड गेलं.

एके दिवशी क्षितिजावर उन्हाची तिळाएवढी कड दिसली. राजाने डोळे उघडले, "चित्रा" म्हणाला आणि पुन्हा दगड झाला. दुसऱ्या दिवशी नाव पुरं झालं. मग तिळातिळाने दिवस वाढला, तशी दोघांची बोलणीही वाढली.

वसंत सरला, हंस आले. त्या दिवशी सूर्य उतरत उतरत बर्फाला टेकला. राजाची पावलं दगड होऊ लागली.

"हात सोडा. तुमचीही शिळा होईल."

"होऊ द्या," राणी म्हणाली आणि तिने मूठ आवळली.

सूर्य टेकला, पण बुडाला नाही. तसाच पुन्हा वर चढू लागला. आठ प्रहर भरले. शाप सुटला. तिकडे धूम्रकेशाची दाढी गळून पडली, आणि हसायला दरबार होताच.

दोघं राज्यात परतली. संध्याकाळी ऊन वेळेवर गेलं. राणी सवयीने दिवा ठेवायला वाकली, तर राजाने हात पुढे केला.

"आणा इकडे. आज मी लावतो."

ही एका उत्तरेची कहाणी, आठा प्रहरी सुफळ संपूर्ण.